वाचता येते, पण अर्थ लागतो काय?

बारावीच्या वर्गातील एखाद्या मुलाला उभे करावे, त्याच्या हाती इंग्रजीचे पाठ्यपुस्तक द्यावे आणि एक परिच्छेद वाचावयास सांगावे. बहुधा तो खाडखाड वाचून दाखवितो. उच्चार फारसे चुकत नाहीत, पूर्णविरामाशी आवाज योग्य तसा खाली येतो आणि ऐकणारी वडीलधारी मंडळी समाधानाने मान डोलावितात. मग पुस्तक मिटावे आणि ‘लेखकाचे म्हणणे काय आहे, ते तुझ्या शब्दांत सांग; वाटल्यास मराठीत सांग’ असे म्हणावे. येथे मात्र तो मुलगा गप्प होतो. ही शांतता ज्यांनी एकदा अनुभवली असेल, त्यांना आपल्या शिक्षणाच्या एका मोठ्या दुखण्याची ओळख पटावयास वेळ लागणार नाही. वाचणे आणि अर्थ लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या शाळांनी पहिलीलाच दुसरी मानून वर्षानुवर्षे प्रमाणपत्रे वाटली आहेत.

आम्ही हे केवळ अनुभवाच्या आधारे म्हणतो असे नव्हे. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वार्षिक शैक्षणिक पाहणीने २०२३ साली देशाच्या २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ या वयोगटातील मुलामुलींची पाहणी केली. इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणारी मुले शेकडा सुमारे ५७ निघाली. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश मुलेच त्या वाक्यांचा अर्थ सांगू शकली. म्हणजे शंभरांतील जेमतेम ४२ मुलांना सोपे इंग्रजी वाक्य वाचून समजते, असा हिशेब निघतो. त्याच पाहणीतील दुसरा आकडा याहून झोंबणारा आहे. आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या इयत्तेचा मजकूर सफाईने वाचता न येणारी मुले याच वयोगटात शेकडा सुमारे २५ आढळली. या दोन आकड्यांचा परस्परांशी संबंध आहे, असे आमचे मत आहे. आणि तो संबंध जोवर आपण ओळखत नाही, तोवर इंग्रजीच्या नावाने चाललेला सारा आटापिटा पालथ्या घड्यावरचे पाणी ठरणार आहे.

मग ही मुले परीक्षेत उत्तीर्ण होतात तरी कशी, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर वाचकांनी स्वतःच अनुभवावे म्हणून आम्ही येथे एक उतारा देतो: ‘गुंभराच्या तिपळ्याने काल मळवटीत दोन खिरडे फुगटले. ते खिरडे पाहून सारी लोंबट झुरमाटली.’ आता प्रश्न: तिपळ्याने काल काय फुगटले? किती फुगटले? कोठे फुगटले? खिरडे पाहून कोण झुरमाटली? चारही प्रश्नांची अचूक उत्तरे वाचक देऊ शकतील आणि चारांपैकी चार गुण मिळवतील. तिपळा म्हणजे काय आणि फुगटणे ही क्रिया कोणती, हे मात्र त्यांना ठाऊक नसेल. आम्हांलाही नाही, कारण त्या शब्दांना अर्थच नाही! आकलनाचा प्रश्न म्हणून परीक्षेत जे विचारले जाते, त्यातील बराच भाग हा असा असतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधावा, तो सापडला की त्याच्या आगचेमागचे वाक्य उचलावे आणि उत्तरपत्रिकेत उतरवावे, ही युक्ती शिकवणी वर्गांत उघड उघड शिकविली जाते. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीत २०२३-२४ साली ८० गुणांच्या लेखी परीक्षेपैकी २२ गुण न शिकविलेल्या उताऱ्यांच्या वाचनासाठी होते. गुण ठेवले, हे चांगलेच झाले. परंतु प्रश्न जर शब्दांच्या लपंडावाचे असतील, तर त्या गुणांनी आकलन मोजले गेले असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

या प्रश्नाचा विचार करताना आमची दृष्टी हैदराबादकडे वळते, आणि ती विनाकारण वळत नाही. भाषा, शिक्षण आणि आकलन यांच्या नात्यावर या एका शहरात गेल्या शंभर वर्षांत जितके प्रयोग झाले, तितके भारतातील क्वचितच दुसऱ्या शहरात झाले असतील. त्यांतील काहींची झळ मराठी मुलांना प्रत्यक्ष लागलेली आहे.

निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इतिहासापासून वैद्यकापर्यंतचे उच्च शिक्षण देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून देण्याचा तो भारतातील पहिला मोठा प्रयोग. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचे स्वतंत्र खाते, ‘दारुल तर्जुमा’, उघडण्यात आले आणि इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. इंग्रजी हा विषय अनिवार्य ठेवला. माध्यम मात्र उर्दू. तत्त्व म्हणून पाहिले तर यात उणे काढण्यासारखे काही नव्हते. ज्ञान आपल्या भाषेत घ्यावे आणि इंग्रजी ही जगाच्या ग्रंथालयाची किल्ली म्हणून शिकावी, हाच तो विचार. परंतु ‘आपली भाषा’ म्हणजे कोणाची? संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. परभणीच्या किंवा बीडच्या मराठी मुलाला घरी मराठी, वरच्या शिक्षणात उर्दू आणि विषय म्हणून इंग्रजी असे तीन डोंगर चढावे लागत. राज्यकर्त्यांची भाषा आणि प्रजेची भाषा यांतील अंतर त्या थोर प्रयोगाला ओलांडता आले नाही. मातृभाषेचे तत्त्व उच्चारणे सोपे असते. ते दुसऱ्याच्या मातृभाषेलाही लागू करणे कठीण असते, हा त्यातील पहिला धडा होय.

मग त्या प्रजेने काय केले? तिने ग्रंथालये काढली. शहरात मुशी नदीकाठी आज जे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय उभे आहे, त्याची सुरुवात १८९१ साली ‘आसफिया’ ग्रंथालय म्हणून सरकारी आश्रयाने झाली. परंतु १९०१ साली निघालेले ‘श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम्’ हे लोकांनी आपल्या भाषेसाठी काढलेले ग्रंथालय होते. मराठी मंडळींनीही स्वस्थ न बसता केशवराव कोरटकरांसारख्या धुरीणांच्या पुढाकाराने ‘विवेकवर्धिनी’सारखी संस्था हैदराबादेत उभी केली. जेथे सभा घेण्यास बंदी होती, तेथे लोक वाचनालयात जमत; वर्तमानपत्र एकाने वाचावे, दुसऱ्याने त्याचा अर्थ विचारावा, तिसऱ्याने वाद घालावा. पुढे १९३८ साली ‘वंदे मातरम्’ गायिले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. ती पिढी केवळ पाठ्यपुस्तकांवर वाढलेली नव्हती. तीत गणले जाणारे पी. व्ही. नरसिंह राव पुढे देशाचे पंतप्रधान झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. अनेक भाषांत वावरणाऱ्या या माणसाचे इंग्रजी दुबळे होते असे त्यांच्या शत्रूनेही कधी म्हटले नाही. एका भाषेत अर्थ लावावयास शिकलेले मन दुसऱ्या भाषेतही अर्थ शोधते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले, उस्मानियातील उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५८ साली, केंद्र सरकारने याच शहरात ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ ही संस्था काढली. हेतू असा, की इंग्रजी कसे शिकवावे याचे शास्त्र भारतीय परिस्थितीत तपासून पाहावे आणि देशभरच्या शिक्षकांना त्यात तयार करावे. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांची भर पडली आणि २००६ च्या कायद्याने तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थेच्या आरंभीच्या संचालकांत विनायक कृष्ण गोकाक हे होते. हे गोकाक म्हणजे कन्नडचे श्रेष्ठ कवी. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले इंग्रजीचे प्राध्यापक. कर्नाटकात माध्यमिक शाळांत कन्नडला अग्रस्थान द्यावे, असे सांगणारा १९८१ चा प्रसिद्ध गोकाक अहवाल त्यांच्याच समितीचा. त्या अहवालातील सक्तीचा भाग सीमाभागातील मराठी मुलांवर अन्याय करणारा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते आम्ही लपवू इच्छित नाही. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. देशाला इंग्रजी शिकविण्याचे शास्त्र ज्या संस्थेने शिकवावयाचे, तिच्या प्रमुखाला आपल्या मातृभाषेचा पाया पक्का असण्यात आणि इंग्रजीवर प्रभुत्व असण्यात काहीच विरोध वाटत नव्हता. विरोध आपण, राजकारणाच्या आखाड्यात, निर्माण केला.

आज त्याच हैदराबादेत काय चालले आहे? १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि पाहता पाहता शहराच्या पश्चिमेला संगणक कंपन्यांची नवी नगरी वसली. तेथील पगाराचा दरवाजा इंग्रजीने उघडतो, हे रिक्षावाल्यालाही समजते आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही समजते. तेव्हा तेलंगणा सरकारने २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्याचा निर्णय घेतला, त्याला गरीब पालकांनी विरोध न करता त्याचे स्वागत केले असेल, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार ज्यांची स्वतःची मुले इंग्रजी शाळांत शिकली अशा आपल्यासारख्यांना नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना विद्येच्या दारात उभे केले गेले नाही, ते आज इंग्रजीची मागणी करतात तेव्हा त्या मागणीत न्याय आहे. प्रश्न त्यांच्या मागणीचा नाही; त्यांच्या पदरात पडते काय, हा आहे. तेलंगणाने पाठ्यपुस्तके समोरासमोरच्या पानांवर दोन भाषांत छापली, हे शहाणपणाचे पाऊल होते. डाव्या पानावरची आपली भाषा उजव्या पानावरच्या परक्या भाषेचा हात धरते. इंटरमीजिएट मंडळाने २०२३-२४ पासून पहिल्या वर्षाला इंग्रजीची २० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू केली. तिचा भर ऐकण्या-बोलण्यावर. तेही हवेच. परंतु चार वाक्ये झोकात बोलणाऱ्या मुलाला भौतिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातील एक पान स्वतः वाचून समजते काय, हे कोणी पाहायचे? बोलणे मुलाखतीपुरते पुरते. शिक्षण पुढे चालते ते वाचण्यावर.

येथपर्यंत वाचून आमचा गोमंतकीय वाचक म्हणेल, की हैदराबादचे हैदराबादला. आम्हांला त्याचे काय? आहे, आणि पुष्कळ आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. ज्यांच्या घरी कधी पाटी आली नव्हती, अशा घरांतील मुले लिहू-वाचू लागली. ती क्रांती होती. परंतु त्या शाळांतून चौथी होऊन बाहेर पडणारे मूल पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमाच्या विद्यालयात जाऊन बसते. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा इतिहास, त्याचा भूगोल आणि त्याचे विज्ञान, सारे परक्या लिपीत जाते. हा उंबरठा ओलांडताना त्याला हात देण्याची व्यवस्था आपण केली काय? १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले; २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने ते बदलून इंग्रजीला अनुदानाचे दार उघडले; २०१२ नंतर मनोहर पर्रीकरांच्या सरकारनेही ते मिटले नाही. मोर्चे निघाले, धरणी झाली, पक्ष फुटले. या साऱ्या गदारोळात अनुदान कोणाला, याचा खल झाला. मुलाला वाचलेले समजते काय, याचा झाला नाही. मराठीचे अभिमानी, कोंकणीचे अभिमानी आणि इंग्रजीचे पुरस्कर्ते यांपैकी कोणीही अकरावीच्या वर्गात जाऊन एक इंग्रजी परिच्छेद मुलांपुढे ठेवला आणि अर्थ विचारला, असे आमच्या ऐकिवात नाही. दोषाचा हा वाटा आम्ही वृत्तपत्रवाल्यांनीही उचलला पाहिजे.

मुलाचे अडते नेमके कोठे? पहिली अडचण शब्दांची आहे, परंतु ती ज्या शब्दांची वाटते त्यांची नाही. लांबलचक शब्द मूल कोशात पाहते. दगा देतात ते ओळखीचे वाटणारे छोटे शब्द. ‘ही हार्डली वर्क्स’ या वाक्याचा अर्थ ‘तो फार कष्ट करतो’ असा सांगणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतील. वास्तविक अर्थ नेमका उलट, तो क्वचितच काम करतो. ‘ही फेल्ड टु नोटिस’ म्हटले की ‘तो नापास झाला’ असे मूल समजते. ‘अनलेस’, ‘ऑल्दो’, ‘यट’ या शब्दांवर साऱ्या विधानाचा कल अवलंबून असतो आणि नेमके तेच शब्द डोळ्यांखालून निसटतात. दुसरी अडचण वाक्याच्या घडणीची. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येते. आपण शेवटापर्यंत धीर धरून अर्थाची गाठ मारतो. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जाते आणि मागून उपवाक्यांचे शेपूट लांबत जाते. मराठी मनाला ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ अशी जोडी लागते. इंग्रजी तिचा एकच भाग सांगून मोकळी होते. ही गोष्ट मुलाला कोणीतरी एकदा उलगडून सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्यासाठी शिक्षकाला मराठी किंवा कोंकणीही तितकीच चांगली यावयास हवी. वर्गात मातृभाषेचा शब्द उच्चारला तर दंड करणाऱ्या शाळा हे साधनच हातून टाकून देतात.

तिसरी अडचण संख्येची आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, कोणाची मदत न घेता इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र समजण्यासाठी मजकुरातील शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलांचा साठा लागतो. एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुल. एवढे शब्द पाठ करवून घेता येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा निरनिराळ्या वाक्यांत भेटावे लागतात. वर्षाकाठी दहा-पंधरा धडे आणि त्यांचे गाईड वाचणाऱ्या मुलाला ते भेटणार तरी कोठे? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार!

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो आजचाही नाही. ढाक्याच्या शिक्षक-महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील मुलांविषयी लिहिलेल्या ग्रंथात सांगितले होते, की भारतीय मुलाची इंग्रजीची खरी गरज आधी वाचण्याची आहे. त्यांनी विमा व्यवसायातून एक कल्पना उचलली: पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम हाती यावी, तसे मूल शाळा मध्येच सोडून गेले तरी काहीतरी उपयोगी पडणारे त्याच्या हाती राहिले पाहिजे. स्वतः वाचून समजण्याची थोडीबहुत शक्ती ही ती रक्कम. दक्षिण भारतातच, १९७९ ते १९८४ या काळात, एन. एस. प्रभु यांनी काही शाळांत असा प्रयोग केला, की व्याकरणाचे नियम न घोकविता मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यावरून एखादा प्रश्न सोडवायला लावायचा. गाडी कोणती पकडली तर वेळेवर पोचू, हे ठरविण्यासाठी मुलाला मजकूर समजून घ्यावाच लागतो. येथे वाक्य उचलून उतरविण्याची युक्ती चालत नाही. आणि सागराने वेढलेल्या फिजी बेटांवर, जेथे भारतीय वंशाची मुलेही मोठ्या संख्येने शिकतात, १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी खेड्यांतील शाळांच्या वर्गांत प्रत्येकी सुमारे अडीचशे गोष्टींची इंग्रजी पुस्तके नुसती आणून ठेवली आणि रोज वाचावयास वेळ दिला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या मुलांची वाचनातील प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली. यंत्रे नव्हेत, महागडे वर्ग नव्हेत. पुस्तके आणि वेळ.

आणि खरे म्हणजे अर्थ लावण्याची कला आपणांस परक्यांकडून शिकावयाची आवश्यकताच नाही. आपल्या देवळांतील कीर्तनकार काय करतो? तो एक अभंग घेतो, एकच. त्यातील एकेक शब्द उलगडतो. हा शब्द येथे का, दुसरा का नाही, असे विचारतो. संतांच्या मनातील शंका स्वतः उपस्थित करतो, दृष्टांत देतो, आख्यान सांगतो आणि तासाभराने पुन्हा त्याच ओळीवर येतो, तेव्हा ती ओळ श्रोत्यांना नव्याने ऐकू येते. त्याला आपण निरूपण म्हणतो. पारायणाचे पुण्य आम्ही कमी लेखीत नाही, परंतु आपल्या पूर्वजांनी पारायणाशेजारी निरूपणाची जागा राखून ठेवली होती, हे ध्यानात घ्यावे. आपल्या शाळांत इंग्रजीचे पारायण चालले आहे. निरूपण बंद पडले आहे. ज्या मुलाने मराठीतील एका ओळीचे निरूपण ऐकले, त्यावर प्रश्न विचारले, ते मूल इंग्रजी परिच्छेदालाही प्रश्न विचारील. ज्याला स्वभाषेतच ‘का?’ विचारण्याची सवय लागली नाही, ते परभाषेत काय विचारणार? दुसरीचा मजकूर न वाचता येणाऱ्या त्या पंचवीस मुलांचा आणि अर्थ न लागणाऱ्या इंग्रजी वाक्यांचा संबंध तो हाच. अर्थात स्वभाषा पक्की झाली म्हणजे इंग्रजी आपोआप येते, अशा भ्रमातही कोणी राहू नये. पाया असला तरी भिंती बांधाव्या लागतात, आणि त्या विटांनीच बांधाव्या लागतात. शब्द आणि वाचन याच त्या विटा.

तेव्हा सरकारला आणि शिक्षण मंडळाला आमच्या काही सूचना आहेत. उच्च माध्यमिकच्या परीक्षेत न शिकविलेल्या उताऱ्यावरील निम्मे तरी प्रश्न असे असावेत, की ज्यांचे उत्तर उताऱ्यात तयार वाक्य म्हणून सापडणार नाही. त्यातील एका प्रश्नाचे उत्तर मराठीत किंवा कोंकणीत लिहिण्याची मुभा द्यावी, म्हणजे मुलाला समजले नाही की केवळ लिहिता आले नाही, हे परीक्षकास कळेल. आज ही दोन्ही मुले सारखीच नापास होतात. पाचवीच्या उंबरठ्यावर पहिले वर्षभर दोन्ही भाषांतील पाने समोरासमोर असलेली पुस्तके द्यावीत. इंग्रजी समजावणे हे केवळ इंग्रजीच्या शिक्षकाचे काम, ही समजूत मोडून काढावी; रसायनशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकानेही आठवड्यातून एकदा आपल्या पुस्तकातील एक पान मुलांकडून वाचवून त्याचा अर्थ लावून घ्यावा. वेळापत्रकात मूक वाचनाचा तास असावा आणि तो शिकवणीने वा गॅदरिंगच्या तालमीने गिळू नये. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ सालापर्यंत मागे जाते. असा वारसा सांगणाऱ्या प्रांतातील विद्यालयांची पुस्तकांची कपाटे कुलपात राहावीत, ही शोभणारी गोष्ट नव्हे. संस्थाचालकांनी कुलपे काढण्यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पालकांनाही दोन शब्द. आपले मूल इंग्रजी वाचताना ऐकून हुरळून जाऊ नका. पुस्तक मिटा आणि ‘काय वाचलेस?’ असे आपल्या बोलीत विचारा. तुम्हांला इंग्रजी येत नसेल तर त्याची लाज बाळगू नका. उलट ते अधिक चांगले, कारण मग मुलाला तुम्हांला खरोखर समजावून सांगावे लागेल. आईला समजेल असे सांगता येणे, ही आकलनाची परीक्षा कोणत्याही मंडळाला घेता आलेली नाही.

निजामाच्या राज्यात जेव्हा बोलण्याची बंदी होती, तेव्हा लोक वाचनालयात जमले आणि वाचलेल्याचा अर्थ लावता लावता स्वातंत्र्याचा अर्थ लावू लागले. पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यातील मराठी शाळा आणि वाचनालये यांनीही तेच काम केले. आज बंदी कोणाचीच नाही. फॉर्म, करारपत्रे, औषधांच्या बाटल्यांवरील सूचना, न्यायालयाच्या नोटिसा आणि नोकरीची नेमणूकपत्रे इंग्रजीत येतात आणि आपली सुशिक्षित मुले ती वाचतात, सही करतात, आणि मग दुसऱ्याला विचारतात, की यात काय लिहिले आहे? परवशता पूर्वी तलवारीने येई. आता ती न समजलेल्या कागदावरील सहीने येते. अठरा वर्षांच्या मुलाला आपण मताचा अधिकार दिला आहे. ज्या कागदावर तो सही करणार, त्याचा अर्थ लावण्याची शक्ती त्याला देणे, हे त्या अधिकाराचेच उरलेले अर्धे काम आहे. ते पुरे केल्यावाचून आमची शिक्षणव्यवस्था उत्तीर्ण झाली, असे आम्ही म्हणणार नाही.